नाचघराचा सातवा वारस

केन नदी, लुइझियाना
१४ मे १९८४

प्रिय ओझेमे,

ईस्टरचं कार्ड पोचलं. त्यावर नेहमीप्रमाणे एक ससा, दोन अंडी आणि सही म्हणून नुसता 'ओ'. छत्तीस वर्षं कॅलिफोर्नियात राहून माणूस पूर्ण नाव लिहायला विसरतो, की तिकडे शाईचा दुष्काळ आहे, ते एकदा कळव.

आता कामाचं. आजोबांचं नाचघर पडायला आलं आहे. हे आपण लहानपणापासून ऐकतो आहोत म्हणा, पण आता नदीकडची भिंत खरोखरच जेवून उठलेल्या माणसासारखी पोट पुढे काढून उभी आहे. मार्चमध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या मंडळाकडून मिस हॉलोवे नावाची मुलगी आली. तीन दिवस तिने सगळं मोजलं, भिंतीचा चिखल कागदाच्या पुडीत बांधून घेतला आणि ओकच्या फांद्यांवर लोंबणारी शेवाळाची दाढी भिंतीच्या आत कशी गेली, असं मला विचारलं. मी म्हटलं, बाई, आमच्या आजोबांनी कोंबली म्हणून गेली. चिखलात दाढी कालवून पायांनी तुडवायची आणि खांबांच्या मध्ये लिंपायची, हे तिने पुस्तकात वाचलं होतं, पण तुडवणारी बाई जन्मात पाहिली नव्हती. तिने माझ्या पायांचा फोटो काढला. सहासष्टाव्या वर्षी माझ्या पायांवर कुणी भाळेल असं मला वाटलं नव्हतं.

मंडळाच्या पत्रकात लिहिलं आहे की आपण क्रेओल म्हणजे फ्रेंच आणि आफ्रिकी रक्ताच्या मिश्रणातून घडलेला दुर्मीळ समाज आहोत. माझा भाऊ युलिस म्हणतो, दुर्मीळ ठरलो ते बरं झालं, आता आपली शिकार बंद होईल. पण मुलगी मनापासून काम करते. क्रेओल लोकांनी क्रेओल लोकांसाठी बांधलेलं असं नाचघर नदीकाठी दुसरं उरलेलं नाही म्हणे. मंडळ ते दुरुस्त करेल, सांभाळेल आणि शनिवारी आपल्यालाच नाचू देईल. फक्त जागा त्यांच्या नावावर करून द्यायला हवी.

इथेच घोडं अडलं आहे. जागा अजून आजोबांच्याच नावावर आहे. मृत्युपत्र केलं की माणूस मरतो अशी त्यांची समजूत होती, म्हणून ते न करताच मेले. आता आपण सात नातवंडं सारखेच वारस आणि सातही सह्या लागतात. सहा झाल्या. सातवा तू.

त्या सहांपैकीच एक, आपला आर्मां, म्हणतो, पंधरा ऑक्टोबरपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर तो आपला हिस्सा शहरातल्या एका बोटवाल्याला विकून मोकळा होणार. बोटवाला एकदा आत शिरला की कोर्टाकडून सगळ्याचाच लिलाव मागेल, नाचघर पाडेल आणि तिथे मोटारबोटींचा धक्का बांधेल. तेव्हा सोबतचा कागद भर. पूर्ण नाव, आईवडिलांची नावं, जन्म कुठला, बाप्तिस्मा कुठला. तिकडच्या नोटरीसमोर सही कर आणि तुला ओळखणाऱ्या कुणाची तरी साक्ष घे. दहा मिनिटांचं काम आहे.

तुझी,
झेली

पोस्ट बॉक्स ४१८, लॉस एंजेलिस
२ जून १९८४

प्रिय कझिन झेली,

पत्र मिळालं. आधी एक विनंती. पाकिटावर पूर्ण नाव एवढ्या ठसठशीत अक्षरात लिहू नकोस. पेटीचा नंबर पुरतो. इथे पोस्टातली माणसं चौकस आहेत.

नाचघराचं ऐकून वाईट वाटलं. तिथली लाकडी जमीन मला अजून आठवते. बॅंडवाल्यांच्या बाजूची तिसरी फळी पाय पडला की वर यायची आणि आपण मुद्दाम नव्या पाहुण्यांना तिकडे नाचायला न्यायचो. म्हाताऱ्या भिंतीला पाठ लावून बसायच्या आणि कोण कुणाबरोबर किती वेळा नाचलं ते रविवारी चर्चच्या दारात सांगायच्या. माझी आई मात्र त्यांच्यात बसायची नाही, ती स्वतः नाचायची.

सहीचं जरा अवघड आहे. माझी पाठ धरली आहे, हाताला कंप आहे आणि इथले नोटरी आठवडेच्या आठवडे वेळ देत नाहीत. शिवाय माझा हिस्सा मला नकोच आहे. युलिसने माझ्या वतीने सही केली तर माझी काही हरकत नाही. लाकूड आणि चिखलच आहे शेवटी. किती दिवस टिकणार?

लेक कॅरन बरी आहे. शाळेत शिकवते. तिची आई जाऊन आता दोन वर्षं होतील.

ओ.

केन नदी
२० जून १९८४

प्रिय ओझेमे,

नाचता येईना अंगण वाकडं, हे तुझ्यासारख्यांमुळेच म्हणत असतील. पाठ धरली आहे तर बसून सही कर. हाताला कंप आहे तर थरथरती कर. आजोबांची सही तर कोंबडी कागदावरून चालत गेल्यासारखी असायची आणि तीवर त्यांनी दोनशे एकर जमीन घेतली होती. युलिसने तुझी सही केली तर त्याला तुरुंगात जावं लागेल असं नोटरी प्लॉशेसाहेब म्हणाले. युलिसला विचारलं, तर तो म्हणाला की तिथे रोज अंडी मिळत असतील तर त्याची तयारी आहे. मी मात्र त्याला सोडवायला जाणार नाही.

आणि लाकूड, चिखल म्हणतोस? मी काल त्या भिंतीत बोट घातलं. आत चिखलावर बायकांच्या हातांचे ठसे आहेत, बोटांसकट. त्यातला एखादा आपल्या आजीचा असणार. बोटवाल्याला त्याचं काय?

तुला ओळखणारी एक व्यक्ती शोधायला इतका त्रास व्हावा, हे काही मला पटत नाही. तुझी मुलगी तुला ओळखत असेलच की.

पुरे झाले बहाणे. सही कर.

झेली

पोस्ट बॉक्स ४१८
९ जुलै १९८४

प्रिय झेली,

खूप विचार केला. एक सोपा उपाय सुचतो. नोटरीला सांग की ओझेमे वालमों वारला. छत्तीस वर्षांत तिकडच्या कुणी मला पाहिलेलं नाही, त्यामुळे कुणी हटकणार नाही. मेलेल्या माणसाची सही कुणी मागत नाही. तुम्ही सहा जण मोकळे व्हाल आणि मीही. यात तुझं काही नुकसान नाही आणि नाचघर वाचेल.

याहून जास्त मला विचारू नकोस. मी हे थट्टेने लिहिलेलं नाही.

ओ.

केन नदी
१२ ऑगस्ट १९८४

प्रिय कै. ओझेमे,

तुझी शेवटची इच्छा पार पाडली. गेल्या रविवारी चर्चमध्ये तुझ्यासाठी प्रार्थनेची मिसा झाली. खोटं बोलल्याचं पाप मी घेतलेलं नाही. फादरना मी एवढंच म्हटलं की ओझेमेसाठी एक मिसा करा. जिवंत माणसासाठीही मिसा करता येते. फक्त मी काळा रुमाल बांधून गेले होते, त्यावरून लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. घंटा वाजवणाऱ्याने तर तुझं नाव यंदाच्या मृतांच्या वहीत लिहून टाकलं. मी खोडायला सांगितलं नाही, एवढं पाप कबूल.

मिसा छान झाली. पाऊस नव्हता आणि माणसं भरपूर आली. नंतर माझ्याकडे गंबोचा रस्सा होता, मोठं पातेलं. आर्मां दोनदा वाढून घेऊन म्हणाला की तू लहानपणापासून स्वभावाने गरीब होतास. हे ऐकून मला ठसका लागला. फ्लोरेस्टीन म्हणाली, तू फार सुंदर नाचायचास. तेही खोटंच, तू सगळ्यांच्या पायांवर नाचायचास. मेल्याशिवाय माणसाचं चांगलं ऐकायला मिळत नाही, तेव्हा मी तुझ्या वतीने सगळं ऐकून घेतलं. एक गोष्ट मात्र मला चमत्कारिक वाटली. तू कशाने गेलास, कुठे होतास, बायकामुलं काय, असं एकानेही विचारलं नाही. गंबो इतका चांगला झाला असावा.

सोमवारी मी नोटरीकडे गेले. त्यांना मी खोटं सांगू शकले नाही, म्हणून नुसतं विचारलं की समजा, सातवा वारस वारला असेल तर? ते खूश झाले. म्हणाले, मग तर सोपं आहे. त्याचा हिस्सा त्याच्या मुलांकडे जातो, सही मुलांनी करायची. त्याला मूल आहे का? मी म्हटलं, एक मुलगी आहे. पत्ता विचारला. मी म्हटलं, पोस्टाच्या पेटीचा नंबर आहे. त्यावर ते म्हणाले की अशा वेळी कायद्याने वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची असते. लॉस एंजेलिसच्या पत्रांत, तीन आठवडे. मजकूर त्यांनी मला वाचून दाखवला, तुझ्यासाठी उतरवून आणला आहे:

'केन नदी, लुइझियाना येथील क्रेओल शेतकरी तेओजेन वालमों यांचा नातू, श्रीमती फिलोमेन वालमों यांचा मुलगा ओझेमे वालमों, हल्ली लॉस एंजेलिस, याच्या वारसांनी, विशेषतः कॅरन नावाच्या कन्येने, त्वरित संपर्क साधावा.'

सोबत तुझा तरुणपणीचा फोटो छापता येईल का, असंही विचारलं. माझ्याकडे तो चांगला आहे, नाचघराच्या पायरीवरचा, आपण सगळी भावंडं ओळीने उभी आहोत तो. एक सप्टेंबरला पहिली जाहिरात येईल. फोटो देऊ का?

शोकाकुल,
झेली

तार
लॉस एंजेलिस, १६ ऑगस्ट १९८४

मी जिवंत आहे. जाहिरात थांबव. पत्र येत आहे. ओझेमे.

लॉस एंजेलिस
१८ ऑगस्ट १९८४

झेली,

तू जिंकलीस. काय जिंकलीस ते तुला माहीत नाही, म्हणून लिहितो.

इथे मला कुणी ओझेमे म्हणत नाही. इथे मी ऑस्कर वॉलमंट आहे. १९४८ साली मी एका मोठ्या दुकानात नोकरी मागायला गेलो. अर्जावर वंशाचा रकाना होता. मी तो रिकामा ठेवला, कारण तिथे क्रेओल लिहायची सोय नव्हती. कारकुनाने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि स्वतःच 'गोरा' यावर खूण केली. मला नोकरी हवी होती आणि मी नुसता गप्प बसलो. मग डोरथी भेटली. तिच्या वडिलांनी विचारलं, तुमचं घराणं कुठलं? मी म्हटलं, सत्तावीस सालच्या महापुरात सगळे वाहून गेले, मी एकटा वाचलो. त्या बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर खरं सांगायला कधी जागाच सापडली नाही.

कॅरन पोटात असताना मी नऊ महिने झोपलो नाही. मूल माझ्या आईच्या रंगाचं झालं तर काय सांगायचं, याची मी रोज नवी गोष्ट रचत होतो. कॅरन गोरीपान झाली आणि मला आनंद झाला. त्या आनंदाची मला आजही लाज वाटते.

डोरथी गेली, तिला मी काही सांगितलं नाही. कॅरन एकतीस वर्षांची आहे. तिला वाटतं, तिच्या बापाला जगात तिच्याशिवाय कुणी नाही. ती जाहिरात तिच्या शाळेतल्या कुणी वाचली असती तर तिला ते माझ्याकडून नव्हे, वर्तमानपत्रातून कळलं असतं. म्हणून मी मरायला निघालो होतो.

आणखी एक. हे तुला सांगितल्याशिवाय मी मरणारही नाही. १९५९ साली एक सावळी बाई दुकानात आली आणि माझ्या काउंटरवर तिने पांढरे हातमोजे मागितले. शेजारी माझा साहेब उभा होता, आणि पलीकडे डोरथी सहा वर्षांच्या कॅरनला घेऊन मला भेटायला आली होती. मी बाईला तीन जोड दाखवले. तिने एक घेतला. मी तो कागदात बांधून दिला आणि म्हटलं, 'धन्यवाद, मॅडम.' ती तू होतीस. मी तुला दारातच ओळखलं होतं. तू मला ओळखलं नाहीस याबद्दल मी देवाचे आभार मानले आणि मग मागच्या खोलीत जाऊन बसलो.

आता तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर मी समजेन.

ओझेमे

केन नदी
२७ ऑगस्ट १९८४

ओझेमे,

जाहिरात थांबवली. नोटरी हिरमुसले, त्यांना मजकूर फार आवडला होता.

आधी पुराचं बोलू. तू आम्हा सगळ्यांना, आजोबांना, तुझ्या आईला, मला, आर्मांला, कोंबड्यांसकट बुडवलंस, आणि मी तुला एकट्याला एका रविवारी मारलं तर तार पाठवतोस? आणि बुडवायचंच होतं तर आर्मांला तरी नीट बुडवायचंस. आज ही वेळ आली नसती.

आता हातमोज्यांचं. वेड्या, हातमोजे घ्यायला कुणी दोन हजार मैल जातं का? युलिसच्या मुलाचं लग्न होतं खरं तिकडे, पण मला पाठवलं होतं तुझ्या आईने. आपल्या एका माणसाने तुला त्या दुकानात पाहिलं होतं आणि काय झालं असावं ते तिने ओळखलं. मला म्हणाली, 'झेली, हाक मारू नकोस. नुसतं बघून ये.' आपली रीतच आहे ती. कुणी गोऱ्यांत मिसळून पलीकडे गेलं की रस्त्यात भेटलं तरी ओळख द्यायची नाही. म्हणून मी मोजे मागितले. तू मॅडम म्हणालास तेव्हा मला वाटलं, याने खरंच मला ओळखलं नाही. मला ते फार लागलं होतं. पंचवीस वर्षं लागून राहिलं होतं. आज तुझं पत्र वाचून मी रडले आणि मग मला बरं वाटलं.

परत आल्यावर तुझ्या आईला सांगितलं की अंग भरलं आहे, टाय चांगला बांधतो, केस कमी झालेत. आणि मुलगी आहे, गुडघ्यावर खरचटलेलं होतं. मुलीचं तिने मला तीनदा सांगायला लावलं. त्याच हिवाळ्यात ती गेली. हे आम्हा दोघींशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं आणि ती गेल्यावर मी एकटीच उरले. झाकली मूठ मी झाकूनच ठेवली. तुझ्या पेटीच्या नंबरावर पत्रं घातली आणि तुला चिडवत राहिले, कारण चिडवल्याशिवाय तू उत्तर देत नाहीस.

तुझ्यापुरतं असतं तर मी जन्मभर काही बोलले नसते. पण नाचघर जातं आहे. सहा जणांनी नावनिशीवार सही केली आहे आणि तुझ्याशिवाय ती रद्दी आहे. सही करायची की नाही ते तू ठरव. मी तुझ्या मुलीला लिहिणार नाही, नोटरीलाही लिहू देणार नाही. सही केली नाहीस तर नाचघर पडेल आणि मी तुझ्यावर रागावेन. ईस्टरला पत्र तरीही येईल.

झेली

लॉस एंजेलिस
४ ऑक्टोबर १९८४

प्रिय झेली,

कागद सोबत आहे. सही माझी आणि साक्ष कॅरनची.

पाच आठवडे मी रोज ठरवत होतो आणि रोज कॅरन यायच्या आधी घर झाडायला घेत होतो. इतकं स्वच्छ घर बघून तिला संशय आला की मला काही मोठा आजार आहे. शेवटी तिने डॉक्टरचं नाव विचारलं, तेव्हा मी स्वयंपाकघरात बसून सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, 'किती माणसं आहेत?' मी बोटांवर मोजू लागलो. तू, युलिस, आर्मां, त्यांची मुलं, मुलांची मुलं. त्रेचाळीसपर्यंत पोचलो तेव्हा ती उठली आणि गाडी घेऊन निघून गेली.

तीन दिवस तिने फोन उचलला नाही. झेली, ते तीन दिवस मी कसे काढले ते विचारू नकोस. चौथ्या दिवशी सकाळी आली आणि दारातूनच म्हणाली, 'मी शाळेत वंशवृक्ष शिकवते, बाबा. दर वर्षी मुलांना माझा दाखवते. त्यात तुमच्या बाजूला एकच ओळ आहे आणि खाली लाटा काढल्या आहेत. तुम्ही कधी काही बोलला नाहीत.' मग ती रडली, मग मी. मग तिने कागद मागितला आणि मलाच गाडीत घालून नोटरीकडे नेलं.

पहिला कागद मी वाया घालवला. हाताने आपोआप ऑस्कर लिहिलं. तू दुसरा जोडला होतास ते बरं केलंस. तुला माझा हात चांगला ठाऊक दिसतो.

मी येत नाही. विमानाचं तिकीट दोनदा काढलं आणि दोनदा परत केलं. माझ्या नावाने मिसा झाली आहे, लोकांनी गंबो खाल्ला आहे, आता कुठल्या तोंडाने येऊ? पण कॅरन येते आहे. तिने मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. एक नोव्हेंबरला, संतांच्या सणाला, तिकडे असेल. तिला तिखटाची सवय नाही. आर्मांपासून जरा दूर ठेव.

तुझा,
ओझेमे

केन नदी
२ नोव्हेंबर १९८४

प्रिय ओझेमे,

कागद नऊ तारखेला पोचला. नोटरींनी तो उजेडात धरून पाहिला आणि सही खरी आहे असं जाहीर केलं. आर्मां दोन दिवस कुरकुरला, कारण बोटवाल्याने त्याला एकदा बोटीतून फिरवून आणलं होतं आणि दुसऱ्यांदा न्यायचं कबूल केलं होतं. पंधराला जागा मंडळाची झाली. नाचघर उभं राहणार.

तुझी मुलगी मंगळवारी आली. तू तिला फार नाजूक समजतोस. बुधवारी भिंतीचं काम सुरू झालं, सगळा नदीकाठ हात लावायला आला होता, तर ही बूट काढून सरळ चिखलात उतरली. पाऊल कसं टाकायचं ते मी एकदा दाखवलं. दुपारपर्यंत मिस हॉलोवेने तिच्या पायांचे फोटो काढायला सुरुवात केली आणि माझे दिवस संपले. तिखट तिने मागून घेतलं. आर्मांला तिनेच सरळ केलं. तो तिला तुझ्या गरीब स्वभावाबद्दल सांगायला लागला, तर ती म्हणाली की तुम्ही दुसऱ्या कुणाबद्दल बोलत असाल.

काल संतांचा सण. संध्याकाळच्या मिसेत फादरनी यंदाच्या मृतांची नावं वाचली आणि अकरावं नाव वाचलं, ओझेमे वालमों. सगळं चर्च म्हणालं, त्याला चिरशांती लाभो. मी जीभ चावून धरली. कॅरनने तोंड प्रार्थनेच्या पुस्तकात खुपसलं आणि तिचे खांदे हलू लागले. मिस हॉलोवेला वाटलं ती रडते आहे. तिने मागून रुमाल दिला.

मग आम्ही थडग्यांवर मेणबत्त्या लावायला गेलो. चुना नवा होता, वारा पडला होता. सगळ्यांची म्हातारी काकू, तांत क्लेओना, नवऱ्याच्या थडग्याजवळ खुर्चीत बसली होती. आता एक्क्याण्णव वर्षांची आहे, डोळे पूर्ण गेले, जवळून जाणाऱ्याचं मनगट धरते. तिने कॅरनचं धरलं, वर कोपरापर्यंत चाचपलं आणि विचारलं, 'तू कुणाची गं?'

मी पटकन म्हणणार होते की कॅलिफोर्नियाची पाहुणी आहे. इतक्या वर्षांची सवय. पण कॅरन खाली बसली आणि म्हणाली, 'ओझेमेची.'

ती हळू नाही बोलली, ओझेमे. आजूबाजूला वीसपंचवीस माणसं होती, आर्मां, फ्लोरेस्टीन, युलिसची सगळी फौज. माझ्या हातातली काडी विझली. मला वाटलं, आता सगळे वळून बघतील, आता प्रश्न सुरू होतील. एकही मान वळली नाही. जो तो आपापली मेणबत्ती लावत राहिला.

तांत म्हणाली, 'फिलोमेनच्या ओझेमेची? तो गेला ना?'

'नाही,' कॅरन म्हणाली. 'घरी आहे. यायला घाबरतो.'

'घाबरतो?' तांत म्हणाली. 'कशाला? इथे सगळ्यांना ठाऊक आहे. तो पलीकडे गेला त्या वर्षापासून ठाऊक आहे. झेलीला वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही.'

झेली